लेमझा गावात कोणी राहत नाही

'गेर्मान लुकिच पोरोशिन यांचा जन्म लेमझा या गावी एका कष्टकरी कुटुंबात झाला.'

एवढं लिहून इनेसा थांबली. प्रांतसभेच्या उपाध्यक्षांच्या प्रसिद्धीचं काम तिच्याकडे होतं. उपाध्यक्षांना या उन्हाळ्यात सत्तर वर्षं पूर्ण होत होती, त्यांना 'मानद नागरिक' करायचं ठरलं होतं, आणि मानद नागरिकाचं पानभर चरित्र छापायची पद्धत आहे. तिने विचारलं, कष्टकरी म्हणजे वडील नेमकं काय करायचे?

पोरोशिन खिडकीशी उभा होता. खाली चौकात बर्फाचे काळे पडलेले ढीग पाणी सोडत होते.

"सामुदायिक शेतीवर मुकादम होते," तो म्हणाला. "मुकादमच लिहा. कष्टकरी शब्द जुनाट वाटतो. नाही का, अग्निया सिदोरोव्ना?"

इनेसाने मान वर केली नाही. अग्निया सिदोरोव्ना कोण, हेही तिने विचारलं नाही. हिवाळ्यापासून ऑफिसात कोणी तसलं काही विचारेनासं झालं होतं.

आणि हे कुणाच्या तोंडून, तर ज्याने उभ्या जन्मात कुणाच्या बापाचं नाव चुकवलं नव्हतं त्याच्या. इथे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याला बाप नसल्यासारखं वागवणं. नाव घ्यायचं, त्याला बापाचं नाव जोडायचं, मग काय ते बोलायचं. हजारो माणसांत वावरणारे पुढारी इथेच अडखळतात. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाकडे कान झुकवतात. पोरोशिनला मदतनीस लागत नसे. वीस वर्षांपूर्वी एकदाच गोठ्यात भेटलेली बाई समोर आली की तो हात पुढे करायचा, "रायसा इग्नात्येव्ना! गुडघा काय म्हणतोय?" बाई विरघळायची. गुडघा सगळ्यांचाच दुखत असतो हे इनेसाला पुढे कळलं. पण तिचा बाप इग्नात मात्र खरा असायचा. इतर पुढारी रस्ते द्यायचे, छपरं द्यायचे. पोरोशिन माणसाला त्याचा बाप परत द्यायचा आणि मत घेऊन जायचा.

'कारकिर्दीचा आरंभ जिल्हा युवक समितीत निरीक्षक म्हणून. पुढे जिल्हा पक्ष समितीचे सचिव. पुढे जिल्हा प्रशासनाचे प्रमुख. पुढे सलग प्रांतसभेवर.'

या तीन 'पुढे'मध्ये कुठेतरी एक देश संपला, पण चरित्रात त्याला जागा नव्हती. पक्षाच्या इमारतीला सील लागलं त्या सकाळी पोरोशिन ब्रीफकेस आणि रबराच्या झाडाची कुंडी घेऊन खाली उतरला, चौक ओलांडून समोरच्या इमारतीत गेला आणि दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी कुंडी ठेवून बसला. इमारतीवरचा झेंडा बदलला, मग झेंड्याखालच्या पक्षाचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं. कुंडी तीच. पोरोशिनला विचारसरणी नाही, कुंडी आहे, असं विरोधक म्हणायचे. हे ऐकून तो मनापासून हसायचा आणि म्हणणाऱ्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारून चहा पाजायचा. वाईट माणूस नव्हता. पुरात अडकलेल्यांना त्याने होड्या पाठवल्या होत्या, बंद पडायला आलेला दवाखाना दोनदा वाचवला होता. त्याचा ड्रायव्हर वेन्या त्याला नुसतं 'लुकिच' म्हणायचा. नाव गाळून फक्त बापाच्या नावाने हाक मारावी ती घरोब्याच्या माणसाला.

सुरुवात झाली ती अर्थसंकल्पाच्या बैठकीत.

वित्त विभागाचा प्रमुख पावेल अर्काद्येविच हा राजधानीतून आलेला गुळगुळीत माणूस. पोरोशिनने त्याला बोलायला उभं केलं, नेहमीच्या खणखणीत आवाजात: "यानंतर येव्स्तोलिया प्रोकोप्येव्ना."

बाईचं नाव ऐकून सभागृह हसलं. पावेल अर्काद्येविच कोटाचं बटण लावत उठला आणि म्हणाला, येव्स्तोलिया तर येव्स्तोलिया, आकडे तेच आहेत. पोरोशिनही हसला. पण येव्स्तोलिया प्रोकोप्येव्ना कोण हे त्या भरल्या सभागृहात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. लेमझात, नदीच्या वरच्या अंगाला पहिलं घर तिचं. तिच्याकडे एका शिंगाचा बोकड होता. ती जाऊन जमाना झाला होता.

मार्चमध्ये महिला दिनाला शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या हातात फुलं देताना तो म्हणाला, "अभिनंदन, नाझार कुझ्मिच." बाईंना तो विनोद वाटला नाही. मग गव्हर्नरांचा फोन आला तेव्हा हा उभा राहून म्हणत होता, होय फोका मिनिच, बघतो फोका मिनिच. डॉक्टरांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढून घेतली, गोळ्या दिल्या, शब्दकोडी सोडवायला सांगितली.

गव्हर्नरांचा फोन खाली ठेवला आणि पोरोशिनच्या लक्षात आलं.

येव्स्तोलिया,

तिच्या खाली नाझार,

नाझारच्या खाली फोका लोहाराचं.

नावं वाटेल तशी येत नव्हती. ती नदीच्या प्रवाहाबरोबर येत होती, वरच्या अंगाकडून खाली, घरामागून घर. गावाच्या एकुलत्या एका रस्त्यावरून कोणीतरी चालत येत होतं, प्रत्येक दाराशी थांबत होतं, आणि थांबलं की त्या घराचं नाव त्याच्या तोंडून बाहेर पडत होतं. फोकानंतर अग्निया सिदोरोव्नाचं घर. ती इनेसाच्या वाट्याला आली. अग्नियाच्या खाली कपितोलिनाचं. कपितोलिनाच्या खाली एकच घर, मग घाट, मग पाणी.

ते एक घर पोरोशिनांचं.

आपल्या दाराशी पोचल्यावर ते जे काही आहे ते काय बोलेल, याची त्याला धास्ती बसली. आयुष्यात पहिल्यांदा तो सभेला जायचं टाळू लागला. लोकांना नुसती मान डोलावून पुढे सरकू लागला. बापाचं नाव न घेता हात मिळवू लागला, तेव्हा माणसं दुखावली. यंदा लुकिच चढेल झालाय, असं बोललं जाऊ लागलं.

'त्यांच्या पुढाकाराने प्रांतातील ग्रामव्यवस्थेची पुनर्रचना करण्यात आली.'

हे वाक्य दोन ठिकाणी बसत होतं, तेव्हाही आणि आताही.

आताचं असं, की जूनच्या बैठकीपुढे एक छोटासा कायदा येणार होता: निर्मनुष्य झालेल्या गावांची नावं यादीतून काढून टाकण्याचा. असले कायदे दरवर्षी होतात. पाचसात नावं वाचली जातात, बटणं दाबली जातात, लोक जेवायला जातात. त्या नावांत या वेळी लेमझा घालावं, असं पोरोशिनने स्वतः सुचवलं होतं. त्यामागचं त्याचं गणित साधं होतं आणि आयुष्यभराच्या ऑफिसकामातून आलेलं होतं. गाव यादीत आहे तोवर त्याला रहिवासी असू शकतात. गावच काढून टाकलं की रहिवासी राहत नाहीत. रहिवासी नाहीत तर रस्त्यावरून चालत येणार कोण? जूनपर्यंत त्या चालणाऱ्याने कपितोलिनाच्या दारापलीकडे येऊ नये आणि जूनमध्ये बटण दाबलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. सत्तरीच्या माणसाला मानद नागरिक व्हायचं होतं ते ठीकच, पण त्याहून जास्त त्याला आपलं तोंड आपल्या ताब्यात परत हवं होतं.

एकच अडचण निघाली. गावात कोणी राहत नाही असा दाखला जवळच्या ग्रामपरिषदेने द्यायचा असतो. लेमझाला जवळची परिषद क्रुतोयेची. तिथला प्रमुख फोनवर बराच वेळ हवापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, लुकिच, बाकी सगळ्यावर सही करतो, लेमझावर हात धजत नाही.

का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तिथे दारांना काठ्या आहेत."

तेव्हाचं असं.

एकोणीसशे सत्त्याहत्तरचा शरद. वरून एक शब्द आला होता: 'भविष्य नसलेली गावं.' अशा गावांतलं आधी दुकान जायचं, मग शाळा, मग बस, आणि शेवटी माणसं. लेमझा जिल्ह्याच्या कागदावर भविष्य नसलेलं ठरलं आणि तिथलाच पोरगा निरीक्षक असल्यामुळे ते त्याच्याकडे आलं. त्याने ते चांगलं निभावलं. कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही. आपल्या बापालाच आधी उठवलं, म्हणजे बाकीचे आपोआप उठले. क्रुतोयेत नवे विटांचे बैठे ब्लॉक होते, गरम पाण्याचे पाइप होते. ऑक्टोबरात तो शेवटची पाहणी करायला गेला. कोणी उरलं नसेल तर विजेच्या तारा उतरवायच्या होत्या.

या भागात दाराला कुलूप लावायची रीत नाही. बाहेर जाताना दाराला बाहेरून एक काठी टेकवून ठेवायची. काठी दिसली की येणारा पायरीवरूनच मागे फिरतो: घरात कोणी नाही, येतील. कायमचे जाणारे मात्र दारं-खिडक्यांवर आडव्या फळ्या ठोकून जातात. काठी आणि फळी यांतला फरक लेमझातलं रांगतं पोरही जाणत होतं.

सगळ्या घरांवर फळ्या होत्या. कपितोलिना झोसिमोव्नाच्या दाराला काठी होती.

तो पायरीपाशी उभा राहिला. ऑक्टोबर होता, म्हातारी दलदलीत लाल बोरं वेचायला गेली असणार, संध्याकाळपर्यंत येणार. धुराड्याच्या टोकाशी हवा थरथरत होती, म्हणजे चूल अजून गरम होती. त्याने वही काढली आणि लिहिलं: 'घरात कोणी नाही.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तारा उतरल्या. कपितोलिना टोपली घेऊन परतली, बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुढचे काही हिवाळे ती तिथे बिनदिव्याची राहिली. कागदावर ती नव्हती, म्हणून तिला कोणी न्यायला आलं नाही आणि कोणी हाकलायलाही आलं नाही.

हे त्याच्या बापाला, लुकाला, क्रुतोयेत कळलं. त्या दिवसापासून त्याने मुलाला नावाने हाक मारली नाही. जेवताना म्हणायचा, "कॉम्रेड साहेब, मीठ सरकवता का इकडे?" आई टेबलाखालून त्याचा पाय दाबायची. मार्चमध्ये लुका गेला. निरीक्षकाला बढती मिळाली.

मे महिन्याच्या शेवटी, कामगारांच्या आरोग्यगृहाचं उद्घाटन करताना, फीत कापण्याआधी, माइकवर: "हा मान मी देतो कपितोलिना झोसिमोव्ना यांना."

पोरोशिनने कात्री खाली ठेवली आणि वेन्याला गाडी काढायला सांगितली.

रस्ता क्रुतोयेपर्यंत बरा होता. पुढे वेन्या गिअर बदलत म्हणाला, लुकिच, हा रस्ता नाही, रस्त्याची आठवण आहे. मधल्या पट्ट्यात बर्चची रोपं कमरेएवढी वाढली होती आणि गाडीच्या पोटाला सपासप घासत होती. परिषद धजत नसेल तर स्वतः पाहून लिहायचा म्हणून पोरोशिन दाखल्याचा कोरा कागद मांडीवर ठेवून बसला होता. शनिवार होता, पवित्र त्रिमूर्तीच्या सणाच्या आदल्या दिवसाचा, ज्या दिवशी लोक आपापल्या मेलेल्यांकडे जेवायला जातात.

गाव होतं तसंच उभं होतं, फक्त बुटकं झालं होतं. छपरं बसली होती, गवत खिडक्यांशी आलं होतं. फळ्या केव्हाच कुजून गळून पडल्या होत्या. आणि येव्स्तोलियाच्या दाराला काठी होती. नाझारच्या दाराला काठी होती. फोकाचं घर जळून नुसती चौकट राहिली होती, त्या चौकटीला काठी होती. सगळ्या ताज्या तोडलेल्या बर्चच्या, साल ओली, एकदोन पानं अजून हिरवी.

अग्नियाच्या पायरीवर एक थोराड म्हातारी बसून चाकूने काठी तासत होती. शेजारी फडक्यावर उकडलेली अंडी, मासे भरलेला पाव, अर्धी बाटली.

"काय रे गेर्का," ती म्हणाली, "मतं मागायला आलास? इथली मतं तू मागेच नेलीस."

मानेफा होती, अग्नियाची थोरली. क्रुतोयेत राहायची. पोरोशिनने टोपी काढली आणि तोंडातून काय निघेल या भीतीने सावकाश म्हणाला, मानेफा येगोरोव्ना, आपली तब्येत कशी आहे?

"आपली?" तिने चाकू थांबवला. "तुझा शेंबूड पुसलाय मी. मानेफा म्हण आणि बस. वेन्यालाही बोलव, पाव पुष्कळ आहे."

वेन्या आला, बसला आणि लगेच खायला लागला. पोरोशिन उभाच राहिला. या काठ्या काय आहेत, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, दर वर्षी या सणाला येऊन बदलते, जुन्या वाळतात. शहरातून लोक येतात, देवाच्या तसबिरी, चहाचे समोवार, जुने चरखे उचलून नेतात; काठी असली की निदान इथला चोर तरी पायरीवरून मागे फिरतो. इतकी वर्षं झाली, अजून लाज आहे लोकांना.

"पण घरं तर रिकामीच आहेत ना, मानेफा. मला तसं लिहून द्यायचंय."

"रिकामी कशी? बाहेर गेलेत."

"मेलेत ते."

"मग? मेलेत म्हणजे बाहेरच गेलेत की." तिने काठी उन्हात धरून सरळ आहे का पाहिलं. "तुला रे काय सांगायचं. तुला काठी वाचता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे."

वेन्याचं चावणं थांबलं. पोरोशिनचं लक्ष खाली, कपितोलिनाच्या घरापलीकडे गेलं होतं. कपितोलिनाच्या दाराला काठी होती. त्यापुढच्या दाराला नव्हती.

"आमच्या घराला का नाही लावलीस?"

"दोन वर्षं लावली. दुसऱ्या दिवशी पायरीखाली पडलेली. म्हटलं, आतल्या माणसाला नको असेल तर मी कोण लावणारी?"

"बाबांना क्रुतोयेत पुरलंय. मी स्वतः माती टाकलीय."

"जिवंत होता तोवर तू नेशील तिथे गेला," मानेफा म्हणाली. "त्यानंतर तो कुणाच्या बापाचं ऐकणार आहे?" आणि तिने वेन्याच्या हातात अंडं दिलं.

पोरोशिन एकटाच खाली गेला. आपण का चाललोय हे त्याला कळत नव्हतं, आणि पाय थांबत नव्हते. कपितोलिनाची पायरी त्याने तिकडे न बघता ओलांडली. मग त्याचं घर. दार लोटलेलं, काठी नाही. अशा दारावर थाप मारायची, आवाज द्यायचा आणि आत जायचं, हीच रीत. काठी नाही याचा अर्थ दुसरा होत नाही.

पायरीवर उभं राहून त्याने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, बाबा, मी गेरा. वाटेत जुळवून ठेवलं होतं तेवढंच. पण आवाज आला तो त्याचा सभेतला, खणखणीत, मोकळा, हात पुढे केलेला आवाज:

"लुका अनिकेयेविच! गुडघा काय म्हणतोय?"

नदीपलीकडे तो आवाज आपटून परत आला.

आत बाकडं सरकलं. जुनं जड बाकडं लाकडी जमिनीवर घासलं जातं तसं. मग काही नाही. म्हातारं माणूस उठून आधी हाताने टेबल धरतं, श्वास घेतं, मग पाऊल उचलतं, तेवढा वेळ.

पोरोशिन तेवढा वेळ थांबला नाही.

गाडीत वेन्याने विचारलं, कोणी भेटलं का. पोरोशिनने ब्रीफकेस मांडीवर आडवी धरली, तिच्यावर कागद ठेवला आणि ठळक अक्षरात लिहिलं. मग म्हणाला, "कोणी नाही." वेन्या आरशात बघत गाडी मागे घेत होता. मागे काय दिसलं ते त्याने सांगितलं नाही, पण क्रुतोये येईपर्यंत पुन्हा आरशात पाहिलं नाही.

प्रांतसभा. जूनची बैठक. टिपणातून.

अध्यक्ष: निर्मनुष्य गावं वगळण्याबाबतचा कायदा. मांडतील गेर्मान लुकिच.

पोरोशिन: मान्यवर सहकाऱ्यांनो, विषय छोटा आहे. नावं तुमच्यासमोर आहेत.

सदस्या (जागेवरून): लेमझा म्हणजे तुमचंच ना हो, गेर्मान लुकिच?

पोरोशिन: माझंच.

सदस्या: वाईट नाही वाटत?

पोरोशिन: मी स्वतः जाऊन आलो. घरात कोणी नाही.

अध्यक्ष: आणखी प्रश्न? नाहीत. मतदान.

विरोधात: कोणी नाही.

तटस्थ: कोणी नाही.

मत न दिलेले: कोणी नाही.

कायदा संमत.

'गेर्मान लुकिच पोरोशिन यांचा जन्म लेमझा (आता अस्तित्वात नाही) या गावी झाला.'

कायदा विभागाने ते परत पाठवलं. अस्तित्वात नसलेल्या ठिकाणी जन्म होऊ शकत नाही, दुरुस्त करा. इनेसाने कंस काढला, मग गाव काढलं.

'गेर्मान लुकिच पोरोशिन यांचा जन्म प्रांतात झाला.'

सभागृहातून बाहेर पडल्यावर जिन्यावर पावेल अर्काद्येविच समोर आला. पोरोशिनने श्वास रोखून तोंड उघडलं. येव्स्तोलिया आली नाही. नाझार नाही, फोका नाही. डोकं बर्फ पडून गेलेल्या सकाळसारखं स्वच्छ आणि शांत होतं. गणित बरोबर आलं होतं. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने त्या गुळगुळीत माणसाचे दोन्ही हात धरले. "नमस्कार," तो म्हणाला, आणि पुढचं नाव यायची वाट पाहत राहिला. समोरचा माणूसही वाट पाहत होता.

"नमस्कार," पोरोशिन पुन्हा म्हणाला.

त्या दिवशी त्याने ते मनावर घेतलं नाही. गोळ्यांनी सुस्ती येते. रात्री झोपण्याआधी माणसं मोजायची त्याची सवय होती, जिल्ह्यामागून जिल्हा, नाव आणि बाप, नाव आणि बाप, जपासारखी. तो आडवा झाला आणि सुरुवात करायला गेला, तर चेहरे येत होते. गोठ्यात, शाळेत, पुरात छपरावर बसलेले चेहरे, सगळे त्याच्याकडे पाहणारे, तोंडं किंचित उघडी. कुणालाही नाव नव्हतं. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं, कारण भ्यायचं कुणाला हेच सांगता येत नव्हतं.

मानद नागरिकाचा समारंभ नाट्यगृहात झाला. गव्हर्नरांनी मानाचा पट्टा घातला, वाद्यवृंदाने वाजवलं, इनेसाने लिहिलेलं पान कोणीतरी वाचून दाखवलं. ते पोरोशिनने लक्षपूर्वक, सौजन्याने ऐकलं, परक्या पण कर्तबगार माणसाबद्दल ऐकावं तसं. मग बाहेरच्या दालनात रांग लागली. लांबलांबच्या जिल्ह्यांतून माणसं आली होती, ठेवणीतले कोट घालून, एवढ्यासाठीच. एकेक जण पुढे येई, हात हातात देई आणि थांबे. आपला बाप परत मिळायची वाट पाहत थांबे. पोरोशिन हसून म्हणे, आलात, बरं वाटलं. मग हात हळूच काढून घेतला जाई. एक म्हातारा क्रुतोयेहून पहाटेच निघून आला होता. तो हात काढून घ्यायला तयार नव्हता. त्याने स्वतःच सुरुवात करून दिली, "मी तिखोन... तिखोन..." आणि आशेने पाहत राहिला. पोरोशिन म्हणाला, "तिखोन. छान." म्हाताऱ्याने टोपी घातली आणि निघून गेला.

रांग संपली. दालनाच्या टोकाशी वेन्या उभा होता. साहेब दमले असणार म्हणून त्याने गाडी दाराशी आणली होती. त्याने नेहमीसारखी हाक मारली, मोठ्याने आणि आपलेपणाने:

"लुकिच! चला!"

पोरोशिनने मागे वळून पाहिलं, कोणाला बोलावताहेत ते. मागे भिंत होती. समोरचा ड्रायव्हर मात्र त्याच्याच दिशेने बघत पुन्हा हाक मारत होता. तेव्हा पोरोशिन पट्टा सावरत एका बाजूला झाला, आणि जो कोणी लुकिच असेल त्याला जायला वाट करून दिली.